मालकाच्या घरचा पाळणा

आज पिठोरी अमावास्या. 'मदर्स डे'ची शुभेच्छापत्रे आपल्याकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्राचा मातृदिन हाच. आई वाण धरून, मागे न पाहता, 'अतित कोण?' असे विचारते आणि पाठीशी उभे असलेले पोर 'मी' म्हणून ते घेते. बऱ्याच गावांत आजच पोळाही असतो. काल खांदेमळणी झालेल्या बैलांच्या मानेवर आज जू चढत नाही. आईचा सण आणि राबणाऱ्या जनावराची सुट्टी एकाच तिथीला आली आहे. तेव्हा दुसऱ्यांच्या कामाचे तास ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्या आईपणाची किंवा बापपणाची त्या तासांवर काही सावली पडते का, हे विचारायला आजचा दिवस बरा.

उद्योजकांच्या मुलाखतींत 'मूल झाले आणि मी बदललो' हे वाक्य हल्ली हमखास येते. संयम आला, रविवारचे फोन थांबले वगैरे. खरेही असेल. पण रात्री बाळाला खांद्यावर घेऊन फिरणारा मालक सकाळी कारकुनाच्या आजारी मुलासाठी मागितलेल्या रजेवर कपाळाला आठ्या घालत असेल, तर तो बदल त्याच्या उंबऱ्याच्या आतच राहिला. याहून बेरकी प्रकार म्हणजे कामगारांनाच लेकरे मानणारा मालक. 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणणाऱ्या कंपनीत पगारवाढ मागणारा कृतघ्न ठरतो आणि सहाला घरी निघणारा परका. मोठ्या माणसांना मालकाच्या रूपाने दुसरा बाप नको असतो. त्यांचीही मुले घरी वाट पाहत आहेत, एवढे त्याने ओळखले तरी पुष्कळ. त्याने ते ओळखले की नाही, हे वार्षिक स्नेहसंमेलनातल्या भाषणावरून कळत नाही. हजेरीपट आणि रजेचा अर्ज पाहिला की कळते.

गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी एका इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा सोबतिणींनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद पडले. पुढच्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला; पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. व्यवस्थापनाच्या कुठल्याही शाळेत हे सुचले नसते. 'लिज्जत' या नावाने हे काम पुढे वाढले तेही याच घरबैठ्या अकलेवर. पीठ मळायचे केंद्रावर, लाटायचे आपापल्या घरी. सकाळी संस्थेची गाडी बायकांना घेऊन येते, आदल्या दिवशीचे पापड तपासून आणि तोलून घेतले जातात, लाटण्याचे पैसे हातात पडतात आणि नवे पीठ घेऊन बाई घरी परतते. पोर शाळेतून येण्याआधी किती लाटायचे आणि ते झोपल्यावर किती, हे तिचे ती ठरवते. लाटणाऱ्या साऱ्याजणी संस्थेच्या भागीदार; पुरुषांना तिथे नोकरी मिळू शकते, सभासदत्व नाही. आज या भगिनींची संख्या ४५ हजारांच्या घरात आहे.

या रचनेमागे कुणाचा दयाळूपणा नव्हता. नियम करणारी बाई आणि त्या नियमाखाली राबणारी बाई एकच होती, म्हणून दुपारी घरात काय चाललेले असते हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. अर्थात या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. चूल, पोर आणि पोळपाट एकाच बाईच्या वाट्याला आले. बाप कुठे आहे, हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

दूर कॅलिफोर्नियात, व्हेंचुरा गावी, 'पॅटागोनिया' या कपड्यांच्या कंपनीने १९८३मध्ये कचेरीच्या आवारात पाळणाघर सुरू केले. त्यासाठी हट्ट धरणाऱ्या मलिंडा या संस्थापकाच्या पत्नी आणि स्वतः दोन मुलांच्या आई. महागडी जॅकेटे विकणाऱ्यांना असले लाड परवडतात, अशी शंका कुणी घेईल. पण तेव्हा ती कंपनी आजच्याएवढी मोठी नव्हती. शिवाय खर्चाचा बराच भाग भरून निघतो, कारण अनुभवी माणसे सोडून जात नाहीत, असे ती आजवर सांगत आली आहे.

आपल्याकडे हा विषय मालकाच्या मर्जीवर सोडू नये, असे फार पूर्वी ठरले. मुंबई कायदेमंडळात १९२८मध्ये प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा असे म्हटले होते. मात्र बाईच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकाला त्यातून मोकळे सोडता येणार नाही, असेही बजावले होते. १९२९मध्ये मुंबई प्रांतापुरता कायदा झाला. पुढे देशभरासाठी झालेल्या कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या आस्थापनांत या रजेचा पगार मात्र मालकाच्याच खिशातून जातो. म्हणून लग्न होऊ घातलेल्या मुलीला मुलाखतीत 'पुढचा विचार काय?' असे विचारले जाते. तिच्याबरोबरच्या मुलाला कुणी विचारत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही नाही. बाबासाहेबांनी सरकारकडे बोट दाखवले त्याला शतक होत आले, तरी त्या वाट्याचा हिशेब अजून जुळलेला नाही.

आणि जिथे कायदाही पोहोचत नाही, तिथे? दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, नगर, जालन्याकडून जोडपी उसाच्या फडात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकले की खाडा, म्हणजे दंड, लागतो. बाळंतपण असो, पाळी असो, पोराला ताप असो, खाडा खाडाच. पोर पाचटावर निजते, नाहीतर थोरली बहीण शाळा सोडून त्याला सांभाळते. बीडमधल्या अनेक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली गेल्याच्या बातम्या २०१९मध्ये आल्या, तेव्हा राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा चुकवण्यासाठी शरीराचा एक अवयव देण्यापर्यंत बायका आल्या असतील, तर तो धंदा कसा चालतो याबद्दल वेगळे काही सांगायला नको.

यात मालक कोण, हे विचारले की उत्तर टोलवले जाते. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. पण सहकारी कारखान्याचे मालक ठरलेले आहेत: शेअर घेतलेले शेतकरी. आज त्यांच्याच घरी पिठोरीचे वाण दिले जाईल आणि दारात बैलांची पूजा होईल. फडातल्या मुलांची त्यांना कणव नाही असे नाही. या मुलांसाठी साखरशाळा काढणारी माणसेही याच भागातली. मात्र ही कणव कारखान्याच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. तोडणी-वाहतुकीच्या खर्चात मुकादमाचे कमिशन असते, पाळणाघर नसते.

येत्या काही आठवड्यांत कारखान्यांच्या वार्षिक सभा भरतील. मंडपात उसाच्या दरावर खडाजंगी होईल, अहवाल आवाजी मतदानाने मंजूर होतील. विषयपत्रिकेच्या शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांची एक ओळ असते. बाळंतिणीचा आणि गरोदर बाईचा खाडा माफ करावा, दर टोळीमागे मुले सांभाळायला एक बाई पगारावर ठेवावी आणि तिचा पगार तोडणी खर्चात धरावा, एवढा ठराव त्या ओळीखाली मांडता येतो. सूचक आणि अनुमोदक मिळून दोन सभासद पुरतात.