चार लॉक तपासा, मगच ट्रेलर सोडा

पनवेल-उरण भागात कॉलेजला जाता-येता? मग न्हावा-शेवा बंदराचे ट्रेलर तुमच्या रोजच्या ओळखीचे. पुढच्या वेळी सिग्नलला थांबलात की कंटेनरच्या खालच्या कोपऱ्यांकडे बघा. तिथे चार लॉक असतात. कंटेनरला ट्रेलरवर धरून ठेवतात ते हेच. चाळीस फुटी कंटेनर मालासकट ३० टनांपर्यंत जातो. लॉक उघडे राहिले किंवा आतला माल एका बाजूला सरकला, तर वेगात घेतलेल्या वळणावर एवढं वजन कलंडू शकतं. शेजारी बाईक असेल तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

निर्यातीच्या भरलेल्या कंटेनरचं वजन तपासून कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. १ जुलै २०१६ पासून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. समुद्रासाठी एवढी काळजी, मग रस्त्यासाठी का नको? चार लॉक बघायला काही मिनिटं पुरतात. बंदर असो, यार्ड असो की गोदाम, ही तपासणी झाल्याशिवाय ट्रेलर गेटबाहेर सोडू नये. आणि त्यात गेलेल्या वेळेचे पैसे ड्रायव्हरच्या खिशातून कापू नयेत. नाहीतर घाईच जिंकणार.

आपलंही काम आहेच. वळणावर ट्रेलरच्या शेजारून कट मारायचा नाही. त्याच्या डाव्या बाजूचं बरंचसं ड्रायव्हरला दिसत नाही. आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. दोन मिनिटं मागेच राहा. लेक्चरला उशीर झाला तरी चालेल.