डोळ्यांवर न येण्याचे शहाणपण

मराठीत डोळ्यांचे वाक्प्रचार पुष्कळ आहेत आणि त्यांच्या छटाही बारीक आहेत. गुणी मनुष्य डोळ्यांत भरतो. त्याचा उत्कर्ष मत्सरी माणसाच्या डोळ्यांत खुपतो. ‘डोळ्यांवर येणे’ ह्याचा अर्थ मात्र दोहोंहून निराळा आहे. ज्यांची नजर आपल्याकडे वळू नये असे वाटते, नेमके त्यांचेच लक्ष वेधले जाणे म्हणजे डोळ्यांवर येणे. सरकारी नोकरीत नव्याने शिरणाऱ्या मुलाला वडीलधारी मंडळी ‘फार डोळ्यांवर येऊ नकोस, बाबा’ असे बजावतात, तेव्हा त्यांना हाच अर्थ अभिप्रेत असतो.

ह्या उपदेशाची भित्रेपणा म्हणून संभावना करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही. अपहार करणाऱ्यास डोळ्यांवर यावयाचे नसते. तो उघडकीस आणणाऱ्यासही नसते. एकाला शिक्षेचे भय, दुसऱ्याला सूडाचे. पहिल्याचा तो केवळ आडोसा. दुसऱ्याचा मात्र तो न्याय्य हक्क होय, आणि त्याचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य होय.

हे कर्तव्य कसे पाळले गेले? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंते सत्येंद्र दुबे ह्यांनी बिहारमधील सुवर्ण चतुष्कोन मार्गाच्या कामातील गैरप्रकार २००२ साली पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्राने कळविले आणि आपले नाव गुप्त राखावे, अशी विनंती केली. ते पत्र नावासकट सरकारी कचेऱ्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. तपासाअंती हा लुटारूंचा गुन्हा ठरला व २०१० साली तिघांना शिक्षा झाली. तथापि एका प्रामाणिक सेवकाची विनंती पायदळी तुडविली गेली, हा दोष त्या निकालाने पुसला जात नाही.

२००४ साली केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी गुप्तपणे स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले. २०१४ साली संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु पुढे दहा वर्षे लोटली तरी त्याचा अंमल सुरू झाला नव्हता. संमत केलेला कायदा कपाटात ठेवणाऱ्यांनी नागरिकांस निर्भयतेचे धडे द्यावेत काय?

वडीलधाऱ्यांनी आपला उपदेश बदलावा, अशी अपेक्षा करण्यास आमची हरकत नाही. पण त्याआधी तो खोटा पाडून दाखविण्याची जबाबदारी शासनाची आहे. सचोटीने वागणाऱ्यास लपावे लागते, तोवर घरोघरी तोच उपदेश होत राहणार. आणि त्याबद्दल घरांना दोष देता येणार नाही.