पाण्यापासून सुरुवात करा, पण वर्गात बोलू द्या

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, अहिल्यानगर, मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक), मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, संगमनेर यांस,



31 मे 2023 रोजी चोंडीत जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली, तेव्हा पारावर आणि एसटीत दुसरा विषय नव्हता. माझ्या माहितीतल्या वर्गांत मात्र त्यावर चकार शब्द निघाला नाही. शिक्षकांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. त्याच महिन्यात शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली होती आणि जूनमध्ये औरंगजेबाबद्दलच्या मोबाइल स्टेटसवरून राज्यात ठिकठिकाणी तणाव होता. अशा वेळी आठवीतल्या पोराने “सर, औरंगजेबाबद्दल तुमचं मत काय?” असं विचारलं, तर “गप्प बस, पुस्तक काढ” याशिवाय मास्तर काय म्हणणार? अर्धं वाक्य कुणी मोबाइलवर टिपलं, की संध्याकाळी ते गावभर आणि मग खुलासा द्या.

म्हणून मतभेद हाताळायला शिक्षकांना शिकवा आणि ते हाताळताना लेखी त्यांच्या पाठीशी उभे राहा.

सुरुवात धर्म-जातीपासून नको. आपल्याकडे पाणी आहे. 15 ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ठरलेल्या मर्यादेच्या (2023 मध्ये 65 टक्के) खाली असला, की समन्यायी वाटपाच्या नियमाने आपल्या मुळा, भंडारदरा, निळवंडे धरणांतून पाणी खाली सोडण्याचा प्रश्न येतो. 2023 च्या नोव्हेंबरात ते सोडलंही गेलं. राहुरीच्या नववीत यावर तास घ्या. ऊस बागायतदाराच्या मुलीने पैठणच्या शेतकऱ्याची बाजू मांडावी, तीही अशी की पैठणकराने ऐकून “हो, माझं म्हणणं हेच” म्हणावं. मग अकोले तालुक्यातल्या ज्या कुटुंबांच्या जमिनी निळवंडेखाली गेल्या, त्यांची. शेवटी तिने स्वतःचं मत सांगावं. ते तसूभरही बदललं नाही तरी चालेल. टीएमसी म्हणजे किती पाणी, हे मात्र शिक्षकाने आधी फळ्यावर लिहावं. मोठ्यांच्या भांडणांतही ते अनेकांना ठाऊक नसतं.

उलट आपल्या वक्तृत्व स्पर्धा पाहा. भाषण बाईंनी लिहिलेलं, हातवारे घोटलेले, टाळ्यांच्या जागा ठरलेल्या. समोरच्याचं ऐकून घेण्याला एकही गुण नाही.

मतभेद आपल्या इतिहासातही आहेत. नगरच्या भुईकोट किल्ल्यावर सहली जातात. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथे लिहिलं, हे पोरांना पाठ असतं. ‘छोडो भारत’ लढ्याच्या वेळेबद्दल मौलाना आझादांना शंका होत्या, वल्लभभाई त्याच लढ्याचे खंदे पुरस्कर्ते होते आणि 1942 च्या ऑगस्टपासून दोघे त्याच किल्ल्यात कैदेत होते, हे सहसा कुणी सांगत नाही. बरोबरच्या अकरा जणांशी झालेल्या चर्चांचं ऋण नेहरूंनी प्रस्तावनेत मानलं आहे. हे सांगायला वेगळा निधी लागत नाही.

आता मागणं. शाळांच्या केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेतला बराच वेळ सूचना ऐकण्यात जातो. त्यातला एक तास संगमनेरच्या ‘डाएट’ने घ्यावा आणि शिक्षकांनीच विद्यार्थी होऊन एखादा अवघड विषय चर्चून पाहावा. शेजारच्या बीडमध्ये 2009 साली जिल्हा परिषदेच्या पाचशे शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला होता, तेव्हा अशक्य असं यात काही नाही.

सोबत परिपत्रक काढा. चर्चेचा विषय आधी शाळा व्यवस्थापन समितीला कळवावा. तक्रार आली तर शिक्षक आणि मुख्याध्यापकांचं ऐकून घेण्याआधी कोणतीही कारवाई होणार नाही, असं त्यात स्पष्ट असावं. शिक्षकांनाही मर्यादा हवी. स्वतःचं राजकीय मत रेटायचं नाही. आडनाव पाहून एखाद्या मुलाला उभं करायचं आणि “तुमच्यात काय म्हणतात?” असं विचारायचं, हे तर मुळीच नाही. तो एक प्रश्न त्या मुलाला वर्षभर पुरतो.

खर्डा, कोपर्डी इथल्या हत्यांचा विषय निघाला की आजही शिक्षकांच्या खोलीत आवाज खाली जातो. पहिल्याच वर्षी तिथवर जाण्याची घाई नको. पण कधीच जायचं नाही, असंही ठरवू नका.

परिपत्रक 15 ऑक्टोबरच्या आत निघालं, तर जायकवाडीचा यंदाचा आकडा पोरांना ताजा मिळेल.

आपला,
एक नगरकर पालक