चित्र दिसलं म्हणजे सिग्नल बरा, असं नाही

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत कॅमेरे बसवणारी पोरं हातात छोटा टेस्ट मॉनिटर घेऊन फिरतात. चित्र आलं की काम झालं! मला हे पटत नाही. मॉनिटरच्या आतला अ‍ॅम्प्लिफायर अशक्त सिग्नलही आपोआप वाढवून घेतो. म्हणजे ज्याने दुखणं सांगायचं, तोच ते झाकतो.

ऑसिलोस्कोप असली मेहेरबानी करत नाही. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर ठरल्या पटीतच वाढवतो. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याचा सिग्नल 1 व्होल्टचा. त्यातला 0.3 व्होल्टचा खड्डा प्रत्येक ओळीची सुरुवात सांगतो. तो खड्डा उथळ झाला की चित्र हलू लागतं. स्कोपच्या पडद्यावर 2 व्होल्ट दिसले, तर वायरच्या टोकाला 75 ओहमचा रेझिस्टर लावायचा राहिलाय, हे जुना मेकॅनिक झोपेतही सांगेल.

फक्त स्कोप निवडताना कंजुषी नको. 5 मेगाहर्ट्झचा स्कोप त्याच्या मर्यादेवर, म्हणजे 5 मेगाहर्ट्झला, 1 व्होल्टचे जेमतेम 0.7 दाखवतो, आणि पाल पद्धतीतला रंग असतो 4.43 मेगाहर्ट्झवर. मग दोष वायरचा की यंत्राचा, कसं कळणार? लांब वायरही आधी रंगच खाते. तिथे साधा बूस्टर ठोकला तर सगळंच सारखं वाढतं, रंग तुलनेने फिकाच राहतो; वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त उचलणारा अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

आपल्या आयटीआयमधले जुने स्कोप भंगारात काढण्याआधी पोरांना त्यावर महिनाभर तरी बसवा. मॉनिटर कुणालाही एका दुपारी येतो.