दारचा कुत्रा आणि रानचा आहार

म्हैसूरहून उटीकडे निघालेला रस्ता सुमारे ८० किलोमीटरवर बंदीपूरच्या अरण्यात शिरतो. तांबूस अंगाचे, झुबकेदार शेपटीचे रानकुत्रे येथे कळपाने राहतात. मराठीत त्यांना कोळसुंदे म्हणतात. कन्नडमध्ये सीळुनायि, म्हणजे फाडून खाणारा कुत्रा, असे सार्थ नाव आहे. १९७० नंतरच्या दशकात ए. जे. टी. जॉनसिंग यांनी याच अरण्यात त्यांचा बारकाईने अभ्यास केला. चितळ हे येथील कोळसुंद्यांचे मुख्य भक्ष्य. सावज पडले की पाहता पाहता कळप त्याचा फडशा पाडतो. ना चूल, ना भांडे. तरीही हे प्राणी चपळ आणि तुकतुकीत दिसतात.

हे पाहून कोणाच्याही मनात सहज येईल की, आपल्या दारच्या कुत्र्यालाही कच्चे मांस आणि हाडेच का घालू नयेत? ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली पुस्तक लिहून याच मताचा पुरस्कार केला, आणि तेव्हापासून अनेक देशांतील श्वानप्रेमी तिकडे वळले आहेत. आपल्या घरीही हा प्रश्न निघाला, तर तो शांतपणे तपासून पाहणे बरे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोळसुंदा हा आपल्या कुत्र्याचा पूर्वज नव्हे. कुत्रा लांडग्याच्या वंशातला. दात मोजले तरी भेद कळतो. कुत्र्याला ४२ दात असतात, कोळसुंद्याला ४०. खालच्या जबड्यातील शेवटची दाढ त्याला दोन्ही बाजूंस नसते. शिवाय माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे राहून कुत्रा लांडग्यापासूनही दूर आला आहे. पिष्टमय अन्न पचविण्यास साहाय्य करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात ४ ते ३० पर्यंत, असे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा भाकरीच्या तुकड्यावर शेताची राखण करणारा आपल्या खेड्यातील कुत्रा निसर्गाविरुद्ध काही करीत नव्हता.

नुसते मांस हा तर पूर्ण आहारच नव्हे. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. अशा अन्नावर वाढणाऱ्या पिलाची हाडे ठिसूळ होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी कच्ची हाडे सुचविली जातात खरी. परंतु त्यांनी दात तुटणे, घशात तुकडा अडकणे, बद्धकोष्ठ होणे, असे प्रकार घडतात. शिजविलेल्या हाडांचे तर अणकुचीदार तुकडे पडून ते आतड्यात रुततात.

तथापि खरी चिंता कुत्र्याहून घराची आहे. मटणाच्या दुकानातून मागून आणलेले काळीज, फुप्फुस यांत कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, अंगणातील मातीत आणि कुत्र्याच्या केसांत राहतात, आणि त्याच्याशी खेळणाऱ्या मुलाच्या हातांवाटे तोंडात जातात. मग मुलाच्या यकृतात वा फुप्फुसात तशीच गाठ वाढू लागते. कित्येक वर्षे तिचा पत्ता लागत नाही, आणि पुढे पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्रा मात्र वरकरणी ठणठणीत असतो!

एकोणिसाव्या शतकात आइसलंडमध्ये या हायडॅटिड रोगाने कहर केला होता. १८६३ साली तेथे गेलेल्या हॅराल्ड क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञाने सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली, आणि ती घरोघर वाटण्यात आली. मेंढीचे रोगट अवयव कुत्र्यापुढे टाकू नयेत, त्यांची विल्हेवाट लावावी, हा तिचा इत्यर्थ. कायद्याचीही जोड मिळाली, आणि विसाव्या शतकात त्या देशातून हा रोग नाहीसा झाला. घराघरांनी एक सवय सोडल्याचे ते फळ होते.

आपणांस काय करता येईल? मांस द्यावयाचे तर ते नीट उकडून, हाडे काढून, भात किंवा भाकरीबरोबर द्यावे. आपल्या पानातील कांदा-लसणाचा रस्सा कुत्र्याला घालू नये. तो त्याच्या रक्ताला अपायकारक असतो. मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य समजावे. मांस गोठविले म्हणजे निर्धोक झाले, असे मानू नये. साल्मोनेलासारखे जंतू थंडीत तग धरतात. कुत्र्याची थाळी वेगळी घासावी, आणि त्याला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुण्याचा परिपाठ ठेवावा. पिलाच्या आहारात कॅल्शियम किती हवे आणि जंताचे औषध केव्हा द्यावे, हे पशुवैद्यास विचारून ठरवावे.

कोळसुंद्याचे अरण्य आणि आपले घर यांत अंतर आहे. दारचा कुत्रा आपल्या मुलांजवळ निजतो. त्याच्या ताटाचा विचार करताना त्यांचाही विचार झाला पाहिजे.