आधीची नोकरी का सोडलीत?

वर्ध्याहून पुण्या-नागपूरला मुलाखतीस जाणारी मुले या प्रश्नाला हमखास अडखळतात. खरे कारण थकलेला पगार. पण ते सांगावे तर आपण तक्रारखोर ठरू, या धास्तीने ‘घरगुती अडचण’ पुढे केली जाते. समोरचा साहेब काय ते ओळखतोच! १७ सप्टेंबर १९३४ रोजी याच वर्ध्याहून गांधीजींनी काँग्रेस सोडण्यामागची कारणे निवेदनाद्वारे मांडली. खादी, अहिंसा यांवरील मतभेद त्यांनी झाकले नाहीत. ऑक्टोबरात ते बाहेर पडले. डिसेंबरात वर्ध्यातच ग्रामोद्योग संघ उभा राहिला. बेकारांच्या रांगेतल्या मुलाला एवढी मोकळीक कुठली? तरीही मी त्याला म्हणेन, ‘तीन महिने पगार नव्हता, हातातले काम पुरे करून निघालो’ एवढेच सांग आणि नव्या कामाविषयी बोल.