सरपंचाची मुले मोजून काय साधले?

महाराष्ट्रात आमदाराला तीन मुले असलेली चालतात, सरपंचाला चालत नाहीत. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले, तर ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतची दारे बंद होतात. २००५ पासून सरकारी नोकरीत शिरतानाही लहान कुटुंबाची अट आहे. लोकसंख्येला आवर घालण्यासाठी आणलेला निवडणुकीचा हा नियम आता रद्द करावा. लोकसंख्या स्थिर राहायला दर स्त्रीमागे सरासरी २.१ मुले लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा १.७ होता. याचे श्रेय नियमाला द्यावे, तर असा नियम नसलेल्या केरळ आणि तमिळनाडूत तो १.८ वर कसा आला? मुलींचे शिक्षण, बालमृत्यूंतली घट आणि हाताशी आलेली आरोग्यसेवा यांनी जे घडवले, ते उमेदवारी अर्जाच्या छाननीने घडलेले नाही.

कोल्हापूर जिल्ह्याचे आकडे आणखी बोलके आहेत. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, कोल्हापूरची अवघी १० टक्क्यांनी. पण याच सधन, साखर-दुधाच्या जिल्ह्यात २००१ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या. हा दोष या नियमाचा नाही. तो लागू होण्याआधीच ही घसरण झाली होती. मात्र तिचा धडा स्पष्ट आहे. मुलगा हवाच हा हट्ट कायम ठेवून कुटुंब लहान करायचे ठरले की किंमत मुलगी मोजते. अशा समाजात सत्तेच्या पदासाठी ‘दोनच’ची अट घालणे म्हणजे त्या हट्टाला आणखी एक कारण पुरवणे. २०११ मध्ये कोल्हापूरचा मुलींचा आकडा ८६३ झाला. राज्याचा आकडा तेव्हा घसरत होता. दरम्यान कोल्हापुरात जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी केंद्रांवर नजर ठेवणारी मोहीम राबवली होती. सरकारने जोर लावायचा तो तिथे.

सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाचा असाच नियम वैध ठरवला, असे समर्थक सांगतात. खरे आहे, पण वैध असणे आणि शहाणपणाचे असणे वेगळे. खुद्द हरियाणाने तो २००६ मध्ये मागे घेतला, आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये. नेत्याने आदर्श घालून द्यावा, हा दुसरा मुद्दा. मग विधानसभा आणि लोकसभेला सूट का? शिवाय निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, आणि किती मुले व्हावीत याचा निर्णय अनेक घरांत स्त्रीच्या हाती नसतो. निर्णय सासरचा आणि अपात्रता तिची, असा हा न्याय आहे. तिसरा आक्षेप गर्दीचा. पण गर्दी पाळण्यांमुळे होत नाही, रोजगारामागे जाते. २०११ मध्ये कोल्हापूरच्याच गगनबावडा तालुक्यात चाळीस हजारही लोक नव्हते. इचलकरंजीचे माग आणि शिरोलीची औद्योगिक वसाहत असलेल्या हातकणंगले तालुक्यात आठ लाखांवर होते. त्याला उत्तर नगररचना, पाणी आणि सांडपाण्याच्या नियोजनात आहे.

विधिमंडळाने ही अपात्रता काढून टाकावी आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याच्या अंमलबजावणीला पुरेसे मनुष्यबळ द्यावे. जन्मदर खाली आलाच आहे; आता लक्ष द्यायचे ते कोण जन्माला येऊ दिले जात नाही, याकडे.